आबांची पेटी: १८६ डिस्कच्या कामाच्या नोंदी

३० एप्रिल २०२५, आखाजी (अक्षय्य तृतीया)

सकाळी घागर पूजली, दुपारी आमरस-पुरणपोळी झाली आणि मग माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरवली. माझ्या वडिलांनी, आबांनी, १९९३ पासून २०१६ पर्यंत खानदेशातल्या पारोळ्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत व्हिडिओ शूटिंग केलं. पोट लग्नांवर चालायचं. पण हाती कॅमेरा आहे आणि गावात काही चाललंय, तर पैसे मिळोत न मिळोत, ते उभे राहायचे. आखाजीची गौराईची गाणी, कानबाई देवीचं जागरण, वहीगायन या लोकगायनाच्या रात्री, बारागाड्या (एकमेकींना बांधून ओढायच्या गाड्या). ते सगळं या पेटीत आहे.

मोजदाद केली. व्हीसीडी (सीडीवर भरलेला व्हिडिओ) ४१, डेटा सीडी २२, डीव्हीडी ११७, आठ सेंटिमीटरच्या लहान डीव्हीडी ६. एकूण १८६. शिवाय मिनी डीव्ही कॅसेट १९. व्हीएचएस एकही उरली नाही, त्या मागच्या खोलीत बुरशीनं गेल्या. म्हणजे आबांची पहिली आठ-नऊ वर्षं गेलीच.

पेटीकडे बघून आबा म्हणाले, "आते कोन देखस त्या?" (आता कोण बघतं त्या?) मी काही बोललो नाही. बाहेर निंबाला झोका बांधलेला होता आणि माहेरी आलेल्या पोरी मोबाईलवर गाणी लावून झोके घेत होत्या. तोंडानं गाणाऱ्या दोघीच होत्या, दोघीही साठीच्या पुढच्या.

कामाचा हेतू इथं लिहून ठेवतो: पेटीतलं प्रत्येक चित्रण आणखी वीस वर्षं तरी उघडता आलं पाहिजे.

३ मे

पहिली अडचण ड्राइव्हची. माझं दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं, तरी दुकानात चालू स्थितीतला एकच डीव्हीडी रायटर निघाला. नव्या लॅपटॉपला ट्रे नसतो, नव्या कॅबिनेटला पुढची मोठी खाचही नसते. भंगारात द्यायला काढलेल्या जुन्या मशीनमधून आणखी दोन ड्राइव्ह सोडवले. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत ते बरंच झालं. एकाची नजर जिथं अडते तिथं दुसरा वाचून जातो, हा या धंद्यातला जुना अनुभव आहे.

नजर म्हणजे लेझर. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. डीव्हीडीसाठी ६५० चा लाल. ब्लू-रेसाठी ४०५ चा निळसर जांभळा. तरंगलांबी जितकी आखूड तितका ठिपका बारीक पडतो, आणि रेघा तितक्या जवळजवळ मांडता येतात: सीडीवर दोन रेघांत १.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डीव्हीडीवर ०.७४, ब्लू-रेवर ०.३२. शेतात दोन ओळींमधलं अंतर कमी केलं की त्याच वावरात जास्त कपाशी बसते, तसं. चकती तीच, १२० मिलिमीटरची. ७०० एमबीवरून ४.७ जीबी आणि तिथून २५ जीबी, हे सगळं त्याच वावरात झालं.

७ मे

दिवसा काम बंद. माळ्यावर पत्रा आहे, दुपारी तिथं हात ठेववत नाही. पहाटे चार ते आठ एवढीच वेळ ठरवली.

अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेनं २००३ मध्ये डिस्क सांभाळण्याची मार्गदर्शिका काढली होती. तिच्यात ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो आणि ही पेटी नऊ उन्हाळे पत्र्याखाली होती. पेटी आधीच खाली आणायला हवी होती. ती चूक माझी.

घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये आवाज आणि चित्र एका सेंद्रिय रंगाच्या थरात असतं. लेझर तो रंग जागोजागी भाजतो, आणि भाजलेलं-न भाजलेलं यातून माहिती वाचली जाते. ऊन, उष्णता, दमटपणा यांनी तो रंग हळूहळू स्वतःच बदलत जातो. कंपनीत छापलेल्या सिनेमाच्या डिस्कला हा त्रास नाही, तिथं खड्डे प्लॅस्टिकमध्येच ठसे मारून उमटवलेले असतात. म्हणून २००५ ची बाजारातली व्हीसीडी आजही चालते आणि त्याच साली घरी भरलेली अडते.

आज एक वाईट प्रकार घडला. २००४ च्या एका सीडीवर आबांनी गोल स्टिकर लावला होता, नवरा-नवरीचा फोटो असलेला. त्याची कड उचलली गेली होती म्हणून मी ती नखानं थोडी सारखी करायला गेलो. स्टिकरबरोबर चांदीचा पापुद्रा सुटून आला. हातात उरलं ते नितळ पारदर्शक प्लॅस्टिक, आणि त्यातून माझा तळवा दिसत होता. सीडीत माहितीचा थर वरच्या, लेबलच्या बाजूला असतो, त्यावर फक्त लाखेचा पातळ हात. लोक खालची चकचकीत बाजू जपतात, खरा धोका वरून असतो. डीव्हीडीचं तसं नाही, तिथं ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून मधे थर असतो. ब्लू-रेमध्ये तो खालून ०.१ मिलिमीटरवर येतो, म्हणून तिला खाली वेगळा टणक लेप द्यावा लागतो.

ज्यांचं लग्न होतं त्यांना फोन केला. त्यांच्याकडची प्रत केव्हाच हरवली होती. डिस्क क्रमांक ९, गेली.

इतर अकरा स्टिकरवाल्या डिस्कना हात लावणार नाही. आहेत तशाच वाचायच्या.

११ मे

कामाची पद्धत बसली. डेटा सीडी आणि डीव्हीडीसाठी डीडीरेस्क्यू. हा प्रोग्राम आधी सोपं सोपं भराभर उचलतो आणि अडलेल्या जागांची नोंद एका नकाशा फाईलमध्ये ठेवतो. मग परत येऊन त्या जागा कडेनं कुरतडतो. डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकून तोच नकाशा दिला की तो फक्त राहिलेल्या जागांवर मेहनत घेतो.

व्हीसीडीला ही पद्धत चालत नाही. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये (लहान कप्प्यात) २०४८ बाइट माहिती आणि उरलेल्या जागेत चूक सुधारायची तजवीज असते. व्हीसीडीत चित्रासाठी २३२४ बाइट वापरले आणि ती तजवीज सोडून दिली. एक ठिपका चुकला तर पडद्यावर क्षणभर चौकटी दिसतील, बिघडत नाही, असा तो हिशेब. नव्या डिस्कला तो बरोबर होता. वीस वर्षांच्या डिस्कला तोच महाग पडतो. त्या ४१ डिस्क सीडीआरडीएओ या प्रोग्रामनं कच्च्या, जशाच्या तशा उचलतोय, एकेक करून, सर्वांत कमी वेगावर.

आजपर्यंत ३८ डिस्क झाल्या. माझा अंदाज उलटा ठरला. २००३-०४ च्या फिकट सोनेरी, हिरवट दिसणाऱ्या सीडी बहुतेक पूर्ण वाचल्या गेल्या. २००९-१० च्या डीव्हीडी सर्वांत वाईट आहेत. तेव्हा पन्नासची थप्पी इतकी स्वस्त झाली होती की कोणी कंपनी बघत नव्हतं. आबांना एका दुकानदारानं "शंभर वर्षं टिकते" म्हणून दोन थप्प्या दिल्या होत्या. त्यांतल्या सात डिस्क आज काठाकडून पिवळट पडल्या आहेत. चित्रण आतून बाहेर लिहिलं जातं, त्यामुळे जातो तो कार्यक्रमाचा शेवट. सात लग्नांत वरात दिसते, हळद दिसते, पाठवणी नाही.

१९ मे

आबांना आज जवळ बसवून धंद्याची वर्षं विचारली. तारखा त्यांना यंत्रांवरून आठवतात.

सीडी जपानात १९८२ ला विकायला आली, पारोळ्यात आबांनी पहिली व्हीसीडी भरली २००२ ला. म्हणजे वीस वर्षं मागे. डीव्हीडी जपानात १९९६ ला आली, आबांकडे २००६ ला. दहा वर्षं. त्यानंतर मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढली आणि प्लेअर घरोघरी गेला. मालेगावात तयार झालेल्या खानदेशी विनोदी व्हीसीडी तर एसटी स्टँडवर टोपलीत मिळायच्या. आमच्याकडची ती खरी सुगी.

आबांनी व्हीएचएसचा कॅमेरा विकून मिनी डीव्ही घेतला, मग २००७ ला थेट लहान डीव्हीडीवर लिहिणारा कॅमेरा घेतला. त्याचं कर्ज तीन वर्षांचं होतं. कर्ज फिटायच्या आधी मेमरी कार्डवाले कॅमेरे आले. तिकडे जगात ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांची लढाई चालू होती. दोन्ही २००६ ला बाजारात उतरल्या, आणि १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबानं एचडी डीव्हीडी सोडून दिली. दोन वर्षंही पूर्ण नाहीत. ज्यांनी तिचे प्लेअर घेतले त्यांचं काय झालं असेल, हे मला आबांच्या कर्जाच्या वहीवरून समजतं.

ब्लू-रे आबांनी घेतलीच नाही. तोवर गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह मागायला लागलं. मोझर बेअर, जी एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या डिस्क बनवणाऱ्यांपैकी होती, ती २०१८ मध्ये अवसायनात गेली.

आबा एवढंच म्हणाले की प्रत्येक वेळी नवीन घेताना वाटायचं, आता हे शेवटचं. मला त्यांच्यात चूक दिसत नाही. पिढीजात धंद्यात औत एकदा घेतलं की मुलाला देता येतं, या सवयीच्या माणसाला चार-पाच वर्षांत यंत्र निकामी होणं कळायचं कसं?

२ जून

भाचा सुट्टीत आलाय, बारावीला आहे. काम बघून म्हणाला, "मामा, तुम्ही एवढी घाई का करताय? आता काचेत साठवतात. थोडं थांबा ना."

त्याचं वाचन खरं आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात क्वार्ट्झच्या काचेत लेझरनं सूक्ष्म खुणा कोरतात, एका चकतीत ३६० टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी) बसतील असं त्यांचं म्हणणं आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये साडेसात सेंटिमीटरच्या चौकोनी काचेवर एक अख्खा सिनेमा उतरवून दाखवला. २०२४ च्या फेब्रुवारीत शांघायच्या संशोधकांनी नेहमीच्या डीव्हीडीएवढ्या चकतीत शंभर थर लिहून दाखवले, सुमारे २०० टीबी. भाच्याला मी हे समजावून सांगितलं तेव्हा माझेही डोळे चमकले, ते लपवत नाही. प्रकाशाच्या ठिपक्याला त्याच्या स्वतःच्या जाडीपेक्षा बारीक लिहायला लावणं ही फार मोठी विद्या आहे.

पण मग त्याला हिशेब करायला बसवलं. डीव्हीडी सगळ्या भरलेल्या धरल्या तरी ५५० जीबी. मिनी डीव्ही तासाला १३ जीबी, १९ कॅसेटचे साधारण २५० जीबी. सीडी-व्हीसीडी सगळ्या मिळून ४५. एका माणसाचं तेवीस वर्षांचं काम एका टीबीच्या आत बसतं. आम्हाला जागा कमी पडत नाही. कमी पडतो तो ड्राइव्ह, जो २०४० साली धुळ्याच्या दुकानात मिळाला पाहिजे.

आणि प्रयोगशाळेतून दुकानापर्यंतच्या वाटेवर किती जण थांबले! होलोग्राममध्ये साठवणारी ३०० जीबीची डिस्क आणणारी इनफेज कंपनी २०१० ला बंद पडली. सोनी आणि पॅनासॉनिकनं २०१४ ला आर्काइव्हल डिस्क जाहीर केली, ३०० जीबीपासून पुढे १ टीबीपर्यंत न्यायचा आराखडा होता. १ टीबीची डिस्क दुकानात आली नाही. आणि या फेब्रुवारीत सोनीनं रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादनच थांबवलं, मिनी डीव्ही कॅसेटचंही.

डिस्कचा रंग तोपर्यंत थांबत नाही. म्हणून घाई.

१५ जून

पाऊस झाला. पेरणीची धावपळ, दुकानात कोणी नाही, म्हणून धुळ्याला गेलो. राजवाडे संशोधन मंडळात पूर्वी शाळेच्या सहलीत गेलो होतो, आज मुद्दाम गेलो. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करायचे, १९२६ ला धुळ्यातच वारले. ते गेल्यावर त्यांचा संग्रह सांभाळायला हे मंडळ उभं राहिलं. परतताना समर्थ वाग्देवता मंदिरातही जाऊन आलो, तिथं रामदासी परंपरेच्या हस्तलिखित पोथ्या जपल्या आहेत. कागद हातानं केलेला, शाई घरची, आणि अक्षर अजून काळंभोर. त्याला लेझर लागत नाही, खिडकीतला उजेड पुरतो.

हे मनात घेऊन निघालो होतो आणि एसटीत विचार उलटा फिरला. मोडीतला कागद माझ्यापुढे ठेवला तर मला एक ओळ वाचता येणार नाही. पणजोबांना मोडी यायची, आबांना नाही. कागद शाबूत, शाई शाबूत, आणि तरी माझ्यासाठी तो बंद. वाचणारा माणूस हाही ड्राइव्हच आहे, आणि तोही बाजारातून जातो.

घरी येऊन आबांच्या डिस्कवरची लेबलं परत पाहिली. 'आ. गौ. २ मोठा वाडा'. 'वही, टेकडी, रात्र'. 'क. जा. पहिली'. हे मी उतरवून ठेवीन, वीस वर्षं टिकवीन, आणि माझ्या मुलाला ते मोडीसारखंच दिसेल.

आबा ७६ वर्षांचे आहेत. डावा कान गेलाय.

डिस्क वाचायचं काम आठवडाभर बाजूला. आधी आबा.

२२ जून

रोज संध्याकाळी दोन तास. उतरवलेलं चित्रण लावायचं, आबांच्या उजव्या कानाला हेडफोन, माझ्या हातात दोनशे पानी वही. वेळ, जागा, कोण गातंय, कोणाचं कोण. आबा थांबवा म्हणाले की थांबवायचं.

आज डिस्क ५८. २००८ ची आखाजी, सात-आठ बायका ओट्यावर बसल्या आहेत, गौराईचं गाणं चाललंय. कॅमेरा सगळ्यांवरून सावकाश फिरतो. एक आवाज चौकटीच्या बाहेरून येतो, जरासा घोगरा, इतरांच्या अर्धी मात्रा मागे. मी विचारलं, हा कोणाचा? आबांनी हेडफोन हातानं दाबून धरला. मग म्हणाले, "हाऊ मन्ही मायना आवाज शे." हा माझ्या आईचा आवाज आहे.

आजी या पेटीत आहे हे मला माहीतच नव्हतं. ती दारामागे बसायची, कॅमेऱ्यासमोर कधी आली नाही. लेबलवर तिचं नाव असायचं कारण नाही. अख्ख्या जगात हे सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो माझ्या शेजारी खाटेवर बसला होता.

असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या काम करता करता बोलत गेल्या आणि मुलानं, सोपानदेवांनी ते कागदावर उतरवलं म्हणून महाराष्ट्राला मिळालं. आमच्या गल्लीतल्या बायका कवयित्री नव्हत्या, पण उतरवून घेणारा एक माणूस त्यांनाही मिळाला होता.

९ जुलै

मिनी डीव्ही १९ पैकी १७ उतरल्या. जुन्या डेस्कटॉपमध्ये असा कॅमेरा जोडायचं फायरवायर कार्ड होतं म्हणून जमलं. कॅसेट जितक्या वेळेची तितका वेळ लागतो, घाई चालत नाही. दोन कॅसेटची पट्टी आत चिकटली आहे, त्या सोडवायला जाणार नाही.

लहान डीव्हीडी ६ पैकी ४ फायनलाइज केलेल्याच नव्हत्या. कॅमेऱ्यात शेवटचं बटण दाबायचं राहिलं की संगणकाला अशी डिस्क कोरी दिसते. आबांचा तो कॅमेरा आता सुरू होत नाही. आयसोबस्टर या प्रोग्रामनं चारही डिस्क आतून शोधून काढल्या. एकीत बारागाड्या आहेत, तिसऱ्या गाडीच्या चाकाखालून धूळ उडते इतक्या जवळून.

२० जुलै

कशावर ठेवायचं ते आज ठरवलं.

दोन हार्ड डिस्क, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक माझ्याकडे, एक नाशिकला बहिणीकडे. हार्ड डिस्क फार वर्षं जगत नाही, म्हणून दर आखाजीला दोन्ही जोडून चेकसम (फाईल बदलली का ते दाखवणारे आकडे) ताडायचे आणि पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायचं. गाणी, जागरणं आणि वहीगायन यांची एक तिसरी प्रत एम-डिस्क जातीच्या २५ जीबी ब्लू-रेवर. तिच्यात सेंद्रिय रंगाऐवजी दगडासारखा अजैविक थर असतो. हजार वर्षांचा दावा मी धरत नाही. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात ती रंगाच्या डिस्कपेक्षा टिकेल एवढं मला पटतं. प्रत्येक डिस्कवर थोडी जागा चूक सुधारणीसाठी सोडली आहे. व्हीसीडीनं जे सोडून दिलं होतं ते परत घेतलं.

ब्लू-रे रायटर दोन मागवले. एक वापरायला. दुसरा खोका न फोडता, सिलिका जेलच्या पुड्या घालून, डिस्कबरोबर कपाटात खालच्या कप्प्यात. माळ्यावर काहीही जाणार नाही.

वहीच्या दोन झेरॉक्स.

३ ऑगस्ट, कानबाई

श्रावणातला नागपंचमीनंतरचा रविवार. सकाळपासून रोटाच्या नैवेद्याची गडबड, भाऊबंद सगळे जमलेले. संध्याकाळी देवीची स्थापना झाली, रात्री जागरण बसलं. आबांनीच सांगितलं, डिस्क ७३ लाव. २०१० चं आमच्याच घरचं जागरण.

७३ ही त्या स्वस्त थप्पीतली. तीन ड्राइव्ह, नऊ दिवस, आणि शेवटी ११ एमबीचं भोक राहिलंच. चालवताना ते साधारण वीस सेकंदांचं होतं: चित्र चौकटी-चौकटीत फुटतं, आवाज बंद पडतो आणि परत येतो तेव्हा गाणं पुढच्या कडव्यावर गेलेलं असतं.

भिंतीवर चादर लावून दाखवलं. गेलेल्या माणसांची तोंडं दिसली तशा बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. भोक आलं. चित्र फुटलं, आवाज गेला. आणि मागच्या रांगेतून काकूनं, वय ८१, तिथूनच पुढची ओळ उचलली. तिच्यामागे आणखी दोघींनी. वीस सेकंद संपली, भिंतीवरचा आवाज परत आला आणि दोन्ही एकाच शब्दावर भेटले.

मी तेव्हा मोबाईल काढू शकलो नाही. गाणं संपल्यावर काकूच्या जवळ जाऊन बसलो आणि विचारलं, मधलं कडवं परत म्हणशील का. ती म्हणाली, एकच का, पूर्णच घे. पहाटे सव्वातीनला घेतलं. ४ मिनिटं ४० सेकंद. फाईलचं नाव '७३-ब, काकू'. चेकसम वहीत लिहिला, पान ११२.

सकाळी बोरी नदीवर विसर्जन आहे. नाशिकची हार्ड डिस्क बहिणीच्या पिशवीत घातली.